वन्संचा कडीचा डबा

आमच्या वन्संनी, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाईंनी, आजपर्यंत जगातल्या कोणाचीही कोणतीही वस्तू रिकामी परत केलेली नाही, आणि या एका गोष्टीपायी मला जितक्या वेळा मान खाली घालावी लागली आहे तितक्या वेळा नापास होणाऱ्या मुलांनाही लागत नसेल. शेजारून वाटी आली की ती नुसती धुऊन परत करू नये, दोन वड्या, चार शेंगा, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यावी, ही रीत आपल्या सगळ्यांच्याच घरी असते. पण आपण सगळे वाटीपाशी थांबतो. वन्सं थांबत नाहीत. गॅसचा सिलिंडर रिकामा झाला म्हणूनच परत जातो हे त्यांना समजतं, पण सोसत नाही, म्हणून त्या सिलिंडरच्या कड्याला मोगऱ्याचा गजरा बांधून देतात. "मावशी, गोडाऊनला हसतात मला," असं सिलिंडरवाला एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, तर वन्सं म्हणाल्या, "हसतात ना? रडत तर नाहीत? मग जा." गुडघ्याच्या ऑपरेशननंतर भाड्याने आणलेला वॉकर त्यांनी परत पाठवला तो दोन्ही बाजूंना मटारच्या करंज्यांच्या पिशव्या अडकवून. दुकानदाराला वाटलं पेशंटचा डबा चुकून राहिला, आणि तो बिचारा दिवसभर फोन करत राहिला. फोन नंबर अर्थातच माझा दिलेला होता. वन्संच्या सगळ्या उपद्व्यापांना माझा नंबर दिलेला असतो, कारण त्यांच्या मते मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी केल्यामुळे मला परक्या माणसांशी बोलण्याची सवय आहे.

मंडईच्या मागच्या बाजूला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि मंडईतली निम्मी भाजी त्या याच कामासाठी आणतात असा मला दाट संशय आहे. माझ्या लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच विहीणबाई आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. परत जाताना उन्हासाठी आणलेली त्यांची छत्री आमच्याकडेच राहिली. ती पोचवायचं काम वन्संनी हौसेने अंगावर घेतलं तेव्हाच मी त्यांना अडवायला हवं होतं. पुढे विहीणबाईंनी लक्ष्मी रोडवर, चार मैत्रिणींच्या देखत ती छत्री उघडली आणि त्यांच्या डोक्यावरून ओल्या भुईमुगाच्या शेंगा धबाधबा कोसळल्या. मी फोनवर माफी मागत होते आणि वन्सं शेजारी बसून म्हणत होत्या, "विचार ना त्यांना, उकडून खाल्ल्या की भाजून?" ऑनलाइन मागवलेला कुकर त्यांना लहान पडला, तर परतीच्या खोक्यात त्यांनी मेतकुटाची पुडी घातली. कंपनीने कुकर 'वापरलेला' म्हणून परत घ्यायला नकार दिला आणि कुठल्या तरी शहरातली एक मुलगी मला हिंदीतून विचारत राहिली की मॅडम, ही पिवळी पावडर नक्की कशाची आहे.

लायब्ररीचा प्रसंग तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. गल्लीतल्या वाचनालयाच्या त्या जुन्या सभासद. घेतलेलं पुस्तक परत करताना आधी त्या पानांत बकुळीची फुलं ठेवत, तोवर ठीक होतं. मग फुलांचा हंगाम सरला आणि तिळाच्या वड्या आल्या. कपाटाला मुंग्या लागल्या. ग्रंथपालांनी शेवटी काउंटरवर पाटी लावली, "पुस्तकांत खाद्यपदार्थ ठेवून परत करू नयेत." वाचनालयाला सभासद पुष्कळ असतील, पण ती पाटी एकट्या वन्संसाठी होती हे तिथल्या पंख्यालासुद्धा ठाऊक होतं. वन्संनी चष्मा लावून ती शांतपणे वाचली आणि ग्रंथपालांना म्हणाल्या, "काय एकेक लोक असतात, नाही का हो?" मी मासिकांच्या टेबलामागे जाऊन उभी राहिले.

अशा बाईच्या घरात दुसऱ्याची न परत केलेली वस्तू सापडावी, यापरता अनर्थ नाही. गेल्या दिवाळीच्या आधी माळा आवरायला म्हणून त्यांनी मला बोलावलं. माळ्यावर त्यांच्या यजमानांची ट्रंक होती. यजमान जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. वीज कंपनीत कारकून होते, अगदी मवाळ स्वभावाचे, आणि त्यांना गूढविद्येचा नाद होता. डेक्कनच्या पलीकडे झाडीतल्या एका बंगल्यात एक अविवाहित विद्वान गृहस्थ राहत, त्यांच्याकडे असल्या पुस्तकांचा मोठा साठा होता. यजमान शनिवारी ऑफिस सुटल्यावर तिकडे जात. आत्मा कुठून येतो, कुठे जातो, वाटेत थांबतो का, यावर दोघं बोलत बसत. पुढे यजमान घरीसुद्धा पहाटे डोळे मिटून बसायला लागले, आणि नेमकी तीच पाणी यायची वेळ होती. वन्संनी काही दिवस एकटीने हंडे भरले आणि मग फर्मान काढलं, "त्या योग्याकडे पुन्हा गेलात तर पाणी वरूनच मागवा." यजमानांनी मान डोलावली. त्यांनी आयुष्यात कधी कोणाला उलट उत्तर दिलं नाही.

तर त्या ट्रंकेत, मफलरमध्ये गुंडाळलेलं, काळ्या चामड्याच्या बांधणीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं. कव्हरवर सोनेरी त्रिकोण, त्रिकोणात एक डोळा, आणि पहिल्या पानावर त्या बंगल्याचा शिक्का. मी चाळून पाहिलं आणि सांगितलं की माणसाला एकाच्या आत एक अशी कितीतरी सूक्ष्म शरीरं असतात, असं यात दिलंय. "एका शरीराचे गुडघे सांभाळताना नाकी नऊ आले, आणखी कुठे घेऊ?" वन्सं सवयीने म्हणाल्या. पण त्यांचा आवाज पडला होता. त्या शिक्क्याकडे बघत होत्या. जरा वेळाने त्यांनी स्टुलावर बसकण मारली आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या घरात इतकी वर्षं दुसऱ्याची वस्तू होती. आणि मी गावभर करंज्या वाटत फिरतेय."

त्या दिवाळीत वन्संच्या घरी फराळ झाला नाही. शेजारून आलेली ताटं त्यांनी नेहमीप्रमाणे भरून परत केली, पण दारातूनच, मान खाली घालून. भाऊबिजेला आमच्याकडे आल्या तेव्हा ओवाळतानासुद्धा बोलल्या नाहीत. "तुझ्या मेव्हण्यांनी चोरी केली रे," एवढं भावाला म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. आम्ही परोपरीने समजावलं की परत करायचं राहून गेलं असेल, माणूस आजारी पडला, गेला. त्यावर त्यांचं एकच म्हणणं, "विसरले असतील, म्हणजे विसरलेच असतील. त्या माणसाला काही विसरायला कधी कष्ट पडले का? माझा डबा नाही विसरले बसमध्ये?"

हा डबा आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. वन्संच्या माहेरचा, रुखवतातला पितळी कडीचा डबा. पूर्वी कधीतरी दिवाळीत यजमान तो भरून बेसनाचे लाडू ऑफिसात वाटायला घेऊन गेले आणि संध्याकाळी हात हलवत परत आले. डबा बसमध्ये राहिला म्हणाले. वन्सं त्यांच्याशी तुळशीच्या लग्नापर्यंत बोलल्या नाहीत, आणि त्यानंतर जन्मभर बोलल्या, पण डब्याबद्दल. छत्री हरवली, डबा. किल्ली सापडेना, डबा. लग्नकार्यात कोणी त्यांची ओळख करून दिली की वन्सं मागून जोडत, "डबा विसरणारे ते हेच." ते हसत. शेवटच्या आजारात ग्लानीत असताना ते मधूनच म्हणत, "येईल गं डबा, येईल." तेव्हा मी तिथे होते. वन्सं त्यांच्या कपाळावर पट्टी ठेवत म्हणाल्या होत्या, "हो येईल. बस अजून डेपोत पोचायची आहे." आम्ही सगळे हसलो होतो. तेही हसले असावेत असं मला वाटतं.

बंगल्यातले गृहस्थही यजमानांच्या पाठोपाठ वारले होते, आणि त्यांच्या बंगल्यात आता दुर्मिळ ग्रंथांचं आणि गूढ तत्त्वज्ञानाचं संग्रहालय झालं आहे, ही बातमी माझ्या मुलाने मोबाइलवर शोधून दिली. आधी फोन करून वेळ घ्यावी लागे. वन्संनी ठरवलं, पुस्तक हातात द्यायचं, माफी मागायची आणि यजमानांच्या नावावरचा डाग पुसून यायचं. पुस्तकाबरोबर काय द्यायचं यावर त्यांनी मला पंधरवडाभर छळलं. इतक्या उशिरा परत जाणाऱ्या पुस्तकात चिमूटभर साखर शोभणार नाही, नारळ फार रोखठोक वाटेल, आणि ज्यांना द्यायचं ते तर हयात नाहीत. शेवटी बेसनाचे लाडू ठरले. "आमच्या ह्यांच्या हातून डबाभर वाया गेले होते, निदान हे तरी कोणाच्या मुखी लागू देत," म्हणाल्या.

बंगल्याच्या फाटकावरच पहिली ठिणगी पडली. पहारेकरी चंद्रपूरकडचा होता. "आजी, डबा अंदर नाही नेता येत न. खायाच्या सामानाला बंदी आहे. पुस्तकाले कीड लागते."

"लाडवाला कीड लागायला तो शिल्लक राहावा लागतो," वन्सं म्हणाल्या.

"इथं ठेवून द्या, मी पाहतो न," तो म्हणाला. वन्संनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि डबा त्याच्या टेबलावर ठेवला, पण आपली एखादी मुलगी परक्याच्या हवाली करावी तसा. पुस्तक मात्र त्यांनी पिशवीत छातीशी धरलं होतं. "रिकामं द्यायला लागणार गं," असं त्या पायऱ्या चढताना दोनदा पुटपुटल्या.

आत थंडगार होतं आणि अंधूक उजेड होता. संग्रहालय दाखवणारी क्युरेटर तिशीतली असेल, हातमागाची साडी, कापलेले केस आणि अतिशय हळू आवाज. आठ-दहा माणसांचा गट होता आणि माझं नशीब असं की त्यात आमच्या कॉलेजचे निवृत्त प्राचार्य होते. ज्यांच्या केबिनमध्ये मी नोकरीभर पायांचा आवाज न करता गेले, ते माझ्याकडे बघून ओळखीचं हसले आणि वन्संकडे बघत म्हणाले, "या आपल्या...?"

"नणंद," मी म्हणाले.

"मोठी," वन्संनी दुरुस्ती केली.

काचेच्या कपाटांत ताडपत्रं होती, कुलपं लावलेली पुस्तकं होती, माणसाच्या शरीरात ग्रहतारे काढलेली चित्रं होती, स्वतःचीच शेपूट गिळणारा साप होता. क्युरेटर सांगत होती की हा जो सर्प आहे ना, तो अनादि-अनंत काळाचं सिम्बॉल आहे. वन्सं म्हणाल्या, "उपाशी दिसतोय." गटातली दोन तरुण मुलं फिसकन हसली. पुढे किमयागारांचा ग्रंथ आला, शिशाचं सोनं करण्याची कृती असलेला. वन्संनी विचारलं, "झालं का कोणाचं?" क्युरेटर म्हणाली, "मॅम, ॲक्चुअली सोनं हे आत्मशुद्धीचं रूपक आहे." "म्हणजे नाही झालं," वन्सं म्हणाल्या. प्राचार्य खोकले. मी एका खांबाच्या आड सरकले, पण तिथे लावलेल्या काळ्या आरशात मला माझंच तोंड दिसलं आणि ते पाहून मला आणखी लाज वाटली. त्यातच वन्संनी, बाकी सगळे शेवटच्या कपाटाकडे वळत असताना, पिशवीतून ते पुस्तक काढून उंच धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बाई गं, हे तुमचं पुस्तक. माझ्या नवऱ्याने नेलेलं. परत केलं नाही. त्यांच्या वतीने मी माफी मागते."

सगळे वळून बघायला लागले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. क्युरेटरने हातमोजे घातलेल्या हातांनी पुस्तक घेतलं, शिक्का पाहिला आणि तिचा हळू आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "ओ माय गॉड. याच्या जागेवर आम्ही नुसती फळी ठेवलीय. थँक यू, आजी. टूर संपली की आपण नीट बोलू."

पण वन्सं तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या शेवटच्या कपाटाकडे बघत होत्या. तिथे बंगल्याच्या मालकांच्या खासगी खोलीतल्या वस्तू मांडल्या होत्या. स्फटिकाची माळ, तांब्याचं यंत्र, व्याघ्रचर्माचा तुकडा, आणि मधोमध, मखमलीवर, खालून दिवा सोडलेला एक पितळी डबा. शेजारी चिठ्ठी होती. "बंद धातुपात्र. झाकण पूर्णतः घट्ट. हलवल्यास आत स्फटिकांचा आवाज येतो. झाकणावरील बिंदूंची रचना बहुधा नक्षत्रमांडणी दर्शवते. साधनेतील उपयोग अज्ञात."

"हा माझा डबा आहे," वन्सं म्हणाल्या.

क्युरेटर समजुतीने हसली. "आजी, हे अत्यंत रेअर पात्र आहे. दोन अभ्यासक येऊन गेले यासाठी."

"त्यांना म्हणावं, ते नक्षत्र नाही, माझं माहेरचं नाव आहे. भांड्यांच्या दुकानात ठिपक्या-ठिपक्यांनी घालून मिळतं. कोकमाने घासून घासून गेलं, त्याला कोण काय करणार? आणि तो डाव्या अंगाचा पोचा दिसतोय? लग्नाच्या टेम्पोतून उतरवताना माझ्या धाकट्या भावाने पाडला होता." तो धाकटा भाऊ म्हणजे माझे यजमान. मी त्या पोच्याकडे बघितलं. आमच्या घरात ज्या ज्या वस्तूला पोचा आहे ती त्यांनीच पाडलेली आहे, त्यामुळे मला तो पुरावा पटण्यासारखा वाटला. पण प्राचार्यांसमोर मी वन्संचा दंड धरून "चला ना, चला ना" एवढंच करत होते.

"उघडता येत नाही म्हणता ना?" वन्सं म्हणाल्या. "पोच्यावर अंगठा दाबायचा आणि बुडाला बुक्की मारायची. नाहीतर तो जन्मात उघडत नाही." क्युरेटर म्हणाली की वस्तूवर जोर करायचा नाही असा आमचा नियम आहे. पण आता गटातले सगळेच पुढे सरकले होते, आणि आमचे प्राचार्य, ज्यांनी आयुष्यात एकही नियम मोडलेला मी पाहिला नव्हता, चष्मा पुसत म्हणाले, "शंकेचं निरसन व्हावं, असं मलाही वाटतं." क्युरेटरने फोनवर कोणाशी तरी दबक्या आवाजात बोलून घेतलं, कपाट उघडलं, डबा टेबलावर ठेवला आणि स्वतः प्रयत्न केला. तिची बुक्की फारच सुशिक्षित होती. मग वन्संनी डबा तिच्या हातातून काढून पोटाशी धरला, अंगठा दाबला आणि बुडाला एक ठोसा दिला. टक् असा आवाज झाला आणि झाकण हातात आलं.

आतली कल्हई अजून चकाकत होती. आणि आत दोऱ्यात ओवलेले, जरासे पिवळे पडलेले, मोठाले पांढरे खडे काठोकाठ भरले होते. "डोन्ट टच प्लीज, हे लॅबला..." क्युरेटरचं वाक्य पुरं व्हायच्या आत वन्संनी एक खडा मोडून तोंडात टाकला होता. दोघीतिघी किंचाळल्या. मी डोळे मिटून घेतले. माझ्या डोळ्यांसमोर ॲम्ब्युलन्स आली, पोलीस आले, वर्तमानपत्रात माझं नाव आलं.

"खडीसाखर आहे," वन्सं म्हणाल्या.

वन्सं खडा चघळत डब्यात बघत राहिल्या, आणि बघता बघता त्यांचा चेहरा बदलत गेला. त्या चघळायच्या थांबल्या. मला वाटलं चक्कर आली, म्हणून मी खुर्ची पुढे केली. त्यांनी बसून डबा मांडीवर घेतला.

"परत द्यायला भरून ठेवला होता गं त्या योग्यांनी," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "रिकामा कसा द्यायचा, म्हणून."

आता मलाही उमगलं. डबा बसमध्ये कधी राहिलाच नव्हता. यजमान लाडू घेऊन ऑफिसात गेले नव्हते, इथे आले होते, चोरून, आपल्या स्नेह्याला दिवाळीचा फराळ द्यायला. पुढे बंगल्यातल्या गृहस्थांनी रीतीने डबा साखरेने भरून तयार ठेवला. तो यजमानांनी घरी न्यायचा तरी कसा? नेला असता तर कुठे होता ते सांगावं लागलं असतं. म्हणून डबा राहिला इथे, आणि इथलं पुस्तक राहिलं तिथे, आणि एकामागोमाग एक दोघंही निघून गेले. "येईल गं डबा, येईल," ते म्हणत होते. आम्ही त्याला ग्लानी समजलो.

"मी त्यांना म्हणाले, बस अजून डेपोत पोचायची आहे," वन्सं म्हणाल्या. मग जरा वेळाने पुन्हा तेच म्हणाल्या. "इतके दिवस मला त्यांची लाज वाटत होती गं. चोर ठरवलं मी त्यांना. आत्ता, इथे, सगळ्यांच्या देखत." मी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इतका वेळ दंड धरून ओढत होते तो माझा हात मला फार जड वाटला.

मग वन्संनी नाक पुसलं आणि उठल्या. दोऱ्यातून खडा खडा मोडून त्यांनी तिथल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवला. तरुण मुलांनी फोटो काढून मग खाल्ला. प्राचार्यांनी चप्पल काढून, डोळे मिटून, दोन्ही हातांनी घेतला. क्युरेटर हातमोजे घातलेल्या तळव्यावर तो खडा घेऊन बराच वेळ उभी होती, आणि मग तिने एक हातमोजा काढला. डबा त्या दिवशी मिळाला नाही. संग्रहालयाच्या नोंदीतली वस्तू, विश्वस्तांची बैठक झाल्याशिवाय बाहेर जाऊ शकत नव्हती, हे तिने फार अवघडून सांगितलं. वन्संनी तक्रार केली नाही, हे पाहून मी घाबरलेच. त्या फक्त म्हणाल्या, "नका देऊ. पण रिकामा ठेवू नका." फाटकावरचे लाडू त्यांनी पहारेकऱ्यालाच देऊन टाकले. "डबा सावकाश परत कर," म्हणाल्या.

त्यानंतर वन्संमध्ये काही फरक पडला असेल असं कोणाला वाटत असेल, तर तसं नाही. मागच्याच महिन्यात रक्त तपासणाऱ्या लॅबला त्यांनी रिपोर्टाच्या पाकिटातून भाजलेला ओवा पाठवला. फरक पडला तो एवढाच की यजमानांच्या नावापुढे डबा जोडणं थांबलं. किल्ली हरवली की आता त्या गप्प बसून शोधतात. त्यांना असं गप्प बसलेलं मला बघवत नाही.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते. दाराची बेल वाजली. बाहेर ती क्युरेटर उभी होती, जिना चढून धापा टाकत. एका हातात फाटकावरचा आमचा स्टीलचा डबा होता, घासून लख्ख केलेला, आणि दुसऱ्या हातात कापडात बांधलेला तो पितळी. "आजी, विश्वस्तांनी परवानगी दिली. आम्ही तिथे आता त्याचा फोटो ठेवलाय," ती म्हणाली. ती आणखी काही इंग्रजीत सांगत होती, पण वन्सं ऐकत नव्हत्या. त्यांनी कापड सोडलं, पोच्यावर अंगठा दाबला, बुडाला बुक्की मारली. आत खडीसाखर होती. नवी, मंडईतल्याच दुकानातली असावी, पांढरी शुभ्र, काठोकाठ.

"रिकामा कसा आणणार?" ती मुलगी लाजून म्हणाली.

वन्संनी तिच्या गालावरून हात फिरवला. मग दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला, डबा उचलला आणि आतल्या खोलीत यजमानांचा फोटो आहे तिकडे गेल्या. मी आणि ती मुलगी बाहेरच उभ्या राहिलो. आतून वन्संचा आवाज आला, आणि इतक्या हळू त्या बोलू शकतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "डबा आला."